कैरोतले म्हातारे घोडे

दसरा उलटून तीन आठवडे होतात न होतात तोच दिवाळी येते. दिवाळी हा माणसांचा सण. दसऱ्याला मात्र घोड्याचा मान मोठा. संस्थानी गावांतून त्या दिवशी पागेतले घोडे न्हाऊमाखू घालून, झूल चढवून मिरवणुकीला काढीत. ज्यांच्या दारी आजही टांगा उभा आहे ते दसऱ्याला घोड्याच्या कपाळी कुंकू लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि चंदीबरोबर गुळाचा खडाही देतात. आपला खंडोबा घोड्यावर बसलेला. शिलेदार आणि बारगीर हे आपल्या इतिहासातले दोन शब्द तर घोडा कोणाच्या मालकीचा यावरूनच पडलेले : स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. भाषेतही घोडा पावलोपावली भेटतो. गंगेत घोडे न्हाते, घोडामैदान जवळ येते, वरातीमागून घोडे निघते. म्हाताऱ्या घोड्याची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते, आणि झाली तर ती त्याच्या लाल लगामाची थट्टा करण्यापुरती.

ज्याचे काम संपले त्या घोड्याचे पुढे काय होते? प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक उत्तरही फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. घोड्याचे वय, रंग, खुणा यांची नोंद कशी ठेवावी, पागा कशी बांधावी, दाणा किती द्यावा, याचा त्यात बारीक तपशील आहे. त्याच अध्यायात असे सांगितले आहे, की युद्धाने, रोगाने किंवा वयाने जे घोडे कामातून गेले त्यांना पोटापुरते खाणे सरकारातून मिळत राहावे. कौटिल्य हा काही हळव्या मनाचा ग्रंथकार नव्हे. कवडीकवडीचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसालाही हा खर्च फुकट वाटला नाही. ज्याने काम घेतले त्याने म्हातारपण सांभाळायचे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

दोन हजार वर्षांनंतर एका बलाढ्य साम्राज्याने हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. तो चुकला होता हे ध्यानात यायला बारा वर्षे गेली, आणि तो निस्तरायला पुढे आली ती त्या साम्राज्याच्या एका सेनाधिकाऱ्याची पत्नी. तिची आणि त्या घोड्यांची ही हकीकत.

पहिले महायुद्ध म्हटले म्हणजे फ्रान्समधले चिखलाने भरलेले खंदक डोळ्यांपुढे येतात. तेथे घोडदळाला फारसे काम उरले नव्हते. परंतु त्याच युद्धाची दुसरी एक आघाडी इजिप्त, सिनाईचे वाळवंट आणि पॅलेस्टाइन या मुलखात होती, आणि तेथे लढाई घोड्याच्या पाठीवरून चालली होती. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या या दळाला ‘डेझर्ट माउंटेड कोअर’ असे नाव होते. सेनापती होते ऑस्ट्रेलियाचे जनरल शॉव्हेल. ३१ ऑक्टोबर १९१७ या दिवशी बीरशेबा या गावावर ऑस्ट्रेलियन स्वारांनी जी धाव घातली ती युद्धशास्त्राच्या पुस्तकांत अजून सांगितली जाते. दिवस मावळायला आला होता. घोड्यांना चोवीस तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, आणि त्या टापूतल्या मोठ्या विहिरी बीरशेबात, म्हणजे तुर्कांच्या ताब्यात होत्या. सुमारे आठशे स्वार मोकळ्या मैदानातून तोफांच्या आणि बंदुकांच्या तोंडावर भरधाव गेले, खंदक ओलांडून गावात शिरले आणि विहिरी हाती आल्या. त्या दिवशी घोडे थकून थांबले असते तर सगळी फौज तहानेने माघारी फिरली असती.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. या आघाडीवर हिंदी घोडदळ मोठ्या संख्येने होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांनी हैफा शहर घेतले, आणि जोधपूरचे मेजर दलपतसिंग तेथे कामी आले. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या, महाराष्ट्राला नावाने तरी परिचित असलेल्या, पलटणीही फ्रान्समधून हलवून १९१८ मध्ये याच आघाडीवर आणल्या होत्या. या दळातले पुष्कळसे घोडे ‘वेलर’ जातीचे होते. न्यू साउथ वेल्समधून येणारा म्हणून तो वेलर. अंगाने धिप्पाड, पाण्यावाचून तग धरणारा आणि ओझ्याला न कुरकुरणारा हा घोडा एकोणिसाव्या शतकात जहाजे भरभरून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरे, आणि इंग्रजी फौजेसाठी त्याची मोठी खरेदी होत असे. महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सव्वा लाखाच्या आसपास घोडे समुद्रापार धाडले. त्यांतला मायदेशी परत गेला तो एकच. ‘सँडी’ हे त्याचे नाव. तो गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या जनरल ब्रिजेस यांचा घोडा होता.

बाकीच्यांचे काय झाले? ३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्तानाशी शस्त्रसंधी झाली. माणसांना घरी नेण्यासाठीच जहाजे अपुरी पडत होती, तेव्हा घोड्यांची काय कथा! शिवाय परदेशातून परतणारी जनावरे आपल्याबरोबर रोग आणतील अशी धास्ती ऑस्ट्रेलियात होती, आणि एक घोडा नेण्याचा खर्च नवीन घोड्याच्या किमतीहून जास्त येत होता. कारणे सगळी खरी होती. अशा वेळी कारणे खरीच असतात. मग घोड्यांची वर्गवारी झाली. धडधाकट होते ते तेथल्या आणि हिंदुस्थानच्या फौजेकडे गेले. वयाने मोठे आणि निकामी ठरलेले गोळीला बळी पडले. लोखंडाला आणि केसांना बाजारात भाव होता, म्हणून मारण्यापूर्वी त्यांचे नाल उपटून घेत आणि आयाळ नि शेपटी कापून घेत. आपला घोडा परक्याच्या हाती पडू नये म्हणून स्वारांनी रात्री त्याला दूर नेऊन स्वतःच्या हाताने गोळी घातली, अशा पुष्कळ कथा पुढे ऑस्ट्रेलियात सांगितल्या गेल्या. त्यांत भावनेचा भाग मोठा आहे. सरकारी दप्तरांवरून दिसते ते एवढेच, की हे काम हुकुमाप्रमाणे शिस्तीत पार पडले. या दोन्ही वर्गांत न बसणारे राहिले त्यांचा लिलाव झाला. इजिप्तमध्ये असे सुमारे वीस हजार घोडे विकले गेले. त्यांत इंग्लंडच्या शेतांवरून आलेले होते, ऑस्ट्रेलियाचे वेलर होते आणि अमेरिकेत खरेदी केलेलेही होते. लिलावाचे पैसे खजिन्यात जमा झाले आणि खाते बंद झाले.

खाते बंद झाले तरी घोडे जिवंत होते. कैरोच्या रस्त्यांवर दगड, वाळू, चुना वाहणाऱ्या गाड्यांना ते जुंपले गेले. थंड हवेत, ओल्या गवतावर वाढलेली ही जनावरे. त्यांना कैरोचा उन्हाळा, तापलेली फरसबंदी आणि मुठीएवढे भूस. घोडा म्हातारा होत गेला तसा तो आणखी गरीब माणसाच्या हाती विकला जाऊ लागला. शहाण्या माणसाने टाकलेला घोडा गरजू घेतो, गरजूने टाकलेला अगतिक घेतो. अशी बारा वर्षे गेली.

१९३० च्या ऑक्टोबरात इजिप्तमधल्या इंग्रजी घोडदळाचे नवे प्रमुख म्हणून जॉफ्री ब्रुक कैरोत दाखल झाले. त्यांची पत्नी डोरोथी त्यांच्याबरोबर आली. तिचा जन्म १८८३ चा. म्हणजे त्या वेळी बाई पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या. पतीप्रमाणे त्यांनाही घोड्यांची पारख होती. अशा हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याच्या बायकोने कैरोत काय करावे याचा शिरस्ता ठरलेला होता : पोलोचे सामने, चहापान, वकिलातीतले नाच. परंतु ब्रुकबाईंनी लढाईतल्या घोड्यांविषयी ऐकले होते, आणि त्यांतले कोणी मागे उरले असतील काय, ही चौकशी त्यांनी आल्या आल्या सुरू केली.

उत्तर मिळायला वेळ लागला नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारी एक मंडळी कैरोत होती आणि तिचा एक तबेला होता. तेथे बाईंना एक उंचापुरा म्हातारा घोडा दिसला. हाडे वर आलेली, पाय सुजलेले, अंगावर जुन्या जखमांचे वळ. अंगलटीवरून आणि फौजी खुणेवरून तो कुठला हे बाईंना लगेच उमगले. त्याला त्यांनी ‘ओल्ड बिल’ म्हटले आणि नऊ पौंड देऊन विकत घेतले. त्याला वाचविणे शक्य नव्हते. काही दिवस पोटभर खाणे, मऊ बिछाना आणि विसावा देऊन त्याला वेदनेवाचून मरण देण्यात आले. बाई एवढ्यावर थांबल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण एक बिल सापडला त्याअर्थी आणखी असणार, हे त्यांनी ताडले. आणि त्या शोधायला निघाल्या.

शोधता शोधता आकडा शेकड्यांत गेला. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राला एक पत्र लिहिले. पत्रात आक्रोश नव्हता. युद्ध संपल्यावर इजिप्तमध्ये विकलेले आपल्या फौजेचे शेकडो घोडे येथे अजून राबत आहेत. सगळ्यांचे वय आता विशीच्या पुढे आहे. ते विकत घेऊन त्यांची सुटका करावी म्हणून मी पैसे मागते आहे, असा त्याचा सरळ मजकूर होता. युद्धाला तेरा वर्षे झाली होती. व्यापारात जगभर मंदी होती आणि इंग्लंडात बेकारीने कहर केला होता. तरीही पाकिटे येऊ लागली. ज्या घरांतून कोणी फौजेत गेले होते, ज्या शेतावरून सरकारने घोडा उचलून नेला होता, अशा घरांना ते पत्र आपल्याच नावाने आल्यासारखे वाटले असले पाहिजे. आजच्या भावाने वीस हजार पौंड भरतील इतकी रक्कम गोळा झाली.

मग ब्रुकबाईंनी एक कमिटी नेमली आणि घोडे खरेदी करण्याचा नियमच पडून गेला. खरेदीच्या दिवशी मालक आपापली जनावरे घेऊन येत आणि रांगेत उभे राहत. कोणी आंधळा, कोणी तिन्ही पायांवर लंगडणारा, कोणाच्या पाठीवरचे कातडे जोताने सोलून निघालेले. मोबदला असा ठरे, की मालकाला दुसरे जनावर घेता यावे. घोडा एकदा आत आला म्हणजे त्याच्यापुढे पाणी आणि दाणा ठेवला जाई, पायांखाली जाड बिछाना असे. वर्षानुवर्षे दगडी जमिनीवर उभे राहिलेल्या त्या जनावरांना मऊ जमिनीचा भरवसा वाटत नसे. पाय टाकावा की नाही अशा संभ्रमात ती थोडा वेळ तशीच उभी राहत. तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे अशा रीतीने विकत घेतले गेले. जगण्याजोगे त्यांत फार थोडे होते. बहुतेकांना विसाव्याचे एकदोन दिवस देऊन मग मारण्यात आले.

येथे आपल्याकडचा वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेही. विकत घेऊन मारायचे, याला दया म्हणावी काय? आपल्याकडची रीत निराळी. मुंबईत जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये पांजरपोळ निघाले, ते असे, की जनावर आत आले म्हणजे त्याचा शेवट निसर्गाच्या हाती. त्याला मारायचे नाही. त्यामागे जैनांची अहिंसा होती, पारशांची भूतदया होती, आणि गावोगाव रुजलेली एक श्रद्धा होती. पण याच प्रश्नाने आपल्या देशातही एकदा मोठी खळबळ उडविली होती, आणि ती कैरोच्या खरेदीपूर्वी अवघी तीन वर्षे. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमातले एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. पुष्कळ विचार करून गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला सुई टोचवून त्याचा अंत करविला. त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी आपल्या पत्रांतून जाहीर उत्तर दिले, की असल्या प्रसंगी जीव घेणे ही हिंसा नव्हे असेच माझे मत आहे. हा वाद तेव्हा मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. पांजरपोळातल्या उपाशी गुरांकडे पाहून एक पक्ष हसतो, कैरोतल्या गोळीकडे पाहून दुसरा शहारतो. ज्याला प्रत्यक्ष त्या रांगेपुढे उभे राहावे लागले नाही, त्याने निवाडा करण्याची घाई करू नये हे बरे. रांगेत उभे राहणारे पुढचे जनावर आणि पेटीत उरलेले पैसे, हे दोन्ही ब्रुकबाईंपुढे रोज होते.

परंतु या हकीकतीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. तोवर बाईंच्या मनात होते ते फक्त घोडे. आपल्या देशाचे, आपल्या फौजेचे घोडे. ज्यांच्या हातून ते विकत घ्यायचे ते गाडीवाले त्यांना आरंभी निर्दय वाटले असते तर त्यात नवल नव्हते. जगभर पशुरक्षणाची चळवळ याच एका वळणावर अडते. घोड्याच्या पाठीवरची जखम दिसते. चाबूक धरणाऱ्या हातातली शीर दिसत नाही. रांगेतल्या माणसांकडे बाई आठवड्यामागून आठवडे पाहत होत्या. त्यांतले बहुतेक अंगावरच्या एका वस्त्रानिशी आलेले, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले. कापसाचे भाव कोसळल्याने इजिप्तचा गरीब माणूस त्या वर्षांत भरडून निघाला होता. घोडा एक दिवस घरी बांधला तर त्या दिवशी मुलांना भाकरी नाही. लंगडा घोडा जुंपणे ही त्याच्या मालकाची खोड नव्हती, त्याची लाचारी होती. आणि त्या घोड्याच्या जागी आपण दिलेल्या पैशांत तो जे नवीन जनावर घेईल, त्याचीही दोनचार वर्षांत हीच गत होणार, हे बाईंच्या लक्षात आले. पाच हजार घोडे विकत घेतले तरी पाच हजार मोकळ्या गाड्यांना दुसरे पाच हजार घोडे जुंपले जाणारच.

तेव्हा १९३४ मध्ये, फौजेतले घोडे जवळजवळ संपत आले असता, त्यांनी काम आवरते न घेता वाढविले. कैरोच्या सय्यदा झैनब या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’, म्हणजे लढाईतल्या म्हाताऱ्या घोड्यांच्या स्मरणार्थ रुग्णालय, सुरू झाले. शहरातल्या कोणत्याही कष्टकरी घोड्याला, गाढवाला, खेचराला तेथे औषधपाणी फुकट. मग तो घोडा इंग्रजी फौजेतला असो की नाईलकाठच्या एखाद्या खेड्यातला. ज्यांच्या नावाने रुग्णालय निघाले त्यांच्यासाठी उशीर झाला होता. पण त्यांची पुण्याई कैरोच्या गाढवांना मिळाली.

कष्टकरी जनावराच्या मालकाला शत्रू न मानण्याची ही समज अगदी नवी होती असेही नाही. लंडनमध्ये १८८६ साली ॲन लिंडो नावाच्या एका बाईने थकलेल्या घोड्यांसाठी विश्रामगृह काढले होते. ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी १८७७ मध्ये निघाली, आणि तिने इंग्लंडातल्या घरोघर घोड्याच्या हालांविषयी कळवळा उत्पन्न केला. लिंडोबाईंना प्रेरणा तिचीच. या विश्रामगृहात भाड्याच्या गाड्या हाकणाऱ्या गरिबाचा घोडा विश्रांतीला ठेवून घेत, आणि तो बरा होईपर्यंत गाडीला जुंपायला संस्थेचा दुसरा घोडा देत. किती साधी आणि शहाणपणाची सोय! ज्याला आपल्या घोड्याला विसावा द्यावासा वाटतो पण परवडत नाही, त्याला उपदेशापेक्षा एक बदली घोडा हवा असतो.

ब्रुकबाईंचे उरलेले आयुष्य या रुग्णालयाला वाहिलेले होते. दुसरे महायुद्ध आले आणि गेले. १९५५ मध्ये त्या कैरोतच वारल्या. पुढच्याच वर्षी सुवेझच्या प्रकरणाने इंग्लंड आणि इजिप्त यांच्यात उघड लढाई पेटली; इंग्रजांचे नाव काढणे कैरोत धोक्याचे झाले. तरीही हे रुग्णालय टिकले. दगड वाहणाऱ्या गाडीवाल्याला सुवेझच्या कालव्याशी कर्तव्य नव्हते. त्याच्या खेचराच्या पायातला खिळा काढणारे दार त्याला उघडे हवे होते. १९६१ मध्ये संस्थेला ब्रुकबाईंचे नाव देण्यात आले. पुढे तिचे काम इजिप्तबाहेर जॉर्डन, पाकिस्तान इत्यादी देशांत गेले आणि १९९० नंतरच्या दशकात दिल्लीलाही आले. उत्तर प्रदेशातल्या वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहणारे घोडे, गाढवे आणि खेचरे हजारोंच्या संख्येने राबतात. तेथे या संस्थेची माणसे डॉक्टरी करतात, नालबंदाला नाल नीट कसा बसवावा हे शिकवितात, आणि मालकांचे बचतगटही उभारतात. घोड्याच्या दवाखान्याने माणसांचे बचतगट का काढावेत, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने कैरोतली ती रांग पुन्हा एकदा आठवावी.

आता थोडे मुंबईकडे वळू. आपल्या या शहराचा सगळा उत्कर्ष घोड्यांनी ओढलेला आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत तीन आणे भाडे होते. मुंबईच्या उन्हाने घेरी येऊ नये म्हणून ट्रामच्या घोड्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मुंबईची संस्थाही त्याच १८७४ सालची; शहरात घोडा वाढला तेव्हाच त्याचा कैवारी जन्मला, हा योगायोग सूचक आहे. पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले आणि त्याला लागून १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद पडली, दोन वर्षांनी विजेची आली. व्हिक्टोरिया गाड्या मात्र उरल्या. आधी त्या सावकारांच्या होत्या, मग वकील-डॉक्टरांच्या, मग भाड्याच्या, आणि अखेर गेटवेपाशी आणि मरीन ड्राइव्हवर पाहुण्यांना चांदीची झळाळी दाखवीत फिरविणाऱ्या. त्या झळाळीमागचे तबेले कसे होते हे कोर्टापुढे आले, आणि जून २०१५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा हुकूम दिला. २०२१ मध्ये तशाच घाटाच्या, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या.

निकाल योग्यच झाला. हौसेखातर डांबरी रस्त्यावर घोडा पळवावा अशी गरज मुंबईला उरली नव्हती. पण याच निकालात न्यायालयाने सरकारला आणखी एक गोष्ट बजावली : ज्यांचा धंदा यामुळे बुडेल त्या गाडीवाल्यांची आणि त्यांच्या घोड्यांची सोय लावण्याची योजना करा. हुकमाचा हा दुसरा भाग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला नाही. खरा कस लागतो तो तेथेच. गाडी बंद करणे एका दिवसाचे काम. गाडीचा घोडा मात्र त्यानंतर आणखी दहापंधरा वर्षे जगतो, आणि दर सकाळी त्याला चंदी लागते. ती कोणी द्यायची हे ठरले नाही तर तो घोडा शहराच्या वेशीबाहेर, आणखी गरीब माणसाच्या आणखी जड गाडीला जुंपलेला दिसतो. कायदा शहरापुरता असतो. भूक वेशीपाशी थांबत नाही. १९१९ च्या लिलावात हेच झाले होते.

आज माथेरानच्या लाल वाटांवर घोडे चालतात, लग्नाच्या वरातीत बँडच्या गदारोळात ते उभे राहतात, चौपाटीवर मुलांना पाठीवर घेतात. सर्पदंशावरची जी लस आपल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत माणसे वाचविते, तीही घोड्याच्याच रक्तातून तयार होते. म्हणजे ज्याने जन्मात घोड्याला हात लावलेला नाही त्याच्याही नावावर घोड्याचे थोडे देणे निघते. यांतली कोणती कामे राहावीत आणि कोणती जावीत याविषयी मतभेद होतील, व्हावेतही. राहतील ती कामे ज्याच्या जिवावर चालतात त्याच्या म्हातारपणाची तरतूद कामाच्या पहिल्या दिवशीच व्हावी, आणि ती करण्याची ऐपत त्याच्या मालकाला यावी, इतके तरी सगळ्यांना कबूल व्हायला हरकत नसावी. कौटिल्याच्या सरकारी दप्तराला ते कळले होते.

दिल्लीत तीन मूर्ती चौकात हैफाच्या वीरांचे स्मारक आहे. जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर या तीन संस्थानांचे तीन भालाईत तेथे १९२२ पासून उभे आहेत. पुतळे देखणे आहेत. स्वार आहेत, भाले आहेत, घोडा नाही. ज्याच्या पाठीवरून हे स्वार लढाईत उतरले त्याला शिल्पकाराच्या चौथऱ्यावर जागा मिळाली नाही. त्याचे स्मारक कैरोत आहे. सय्यदा झैनबच्या गल्लीत कोणी गाडीवाला लंगडणारे गाढव ओढीत आणतो, दारातच जनावराला पाणी मिळते, आणि डॉक्टर त्याचा खूर हातात घेऊन पाहू लागतो.